परदेशात विशेष मुलांबरोबर एक वर्ष: जाण्याआधी समजून घ्यावं असं

“ताई, जर्मनीला जातोय. एक वर्षासाठी. विशेष मुलांची शाळा आहे, राहण्या-जेवण्याची सोय तेच करणार. तिथे नेमकं काय करायचं असतं?”

असा फोन हल्ली मला महिन्या-दोन महिन्यांतून एकदा तरी येतो. फेब्रुवारी २०२४ मध्ये महाराष्ट्र सरकारनं जर्मनीतल्या बाडेन-वुर्टेम्बर्ग राज्याशी कुशल मनुष्यबळ पाठवण्याचा करार केला आणि जर्मनीचं नाव आपल्याकडे घराघरांत बोललं जाऊ लागलं. त्या कराराचा स्वयंसेवेशी थेट संबंध नाही. पण नोकरीची वाट शोधता शोधता बरीच मुलं या दुसऱ्या वाटेपाशी येऊन पोचतात.

दुसरा फोन पालकांचा असतो. मुलगी अकरावीत आहे, उन्हाळ्याच्या सुट्टीत कंबोडियाला किंवा नेपाळला दोन आठवडे अपंग मुलांच्या आश्रमात काम, शेवटी प्रमाणपत्र. परदेशी कॉलेजच्या अर्जाला उपयोगी पडतं म्हणतात. पाठवू का?

मी पुण्यात विशेष शिक्षिका आहे. या शिक्षणाकडे वळण्याआधी, २०१४-१५ मध्ये, दक्षिण जर्मनीतल्या एका निवासी शाळेत वर्षभर स्वयंसेवक होते. पहिल्या फोनला मी सांगते, “जरूर जा, पण तयारीनं जा.” दुसऱ्याला सांगते, “पाठवू नका.” दोन्ही गोष्टींना नाव एकच आहे, परदेशात स्वयंसेवा. मग उत्तरं उलटी का, हे फोनवर दहा मिनिटांत सांगून होत नाही, म्हणून लिहून काढते आहे.

‘विशेष शैक्षणिक गरज’ म्हणजे काय?

हा शब्दप्रयोग रुळला तो ब्रिटनमधून. तिथे १९७० पर्यंत काही मुलांवर ‘शिकवण्यास अयोग्य’ असा शिक्का मारून त्यांना शाळेच्या बाहेरच ठेवलं जाई. त्या वर्षीच्या कायद्यानं ती मुलं शिक्षणखात्याच्या कक्षेत आली. पुढे १९७८ मध्ये मेरी वॉर्नॉक यांच्या समितीनं अहवाल दिला. त्यात म्हटलं होतं की मुलाच्या अंगावर व्यंगाचं लेबल लावून थांबू नका, शिकण्यासाठी त्याला काय लागतं ते बघा. अशी काहीतरी जादा मदत शाळेच्या काळात केव्हा ना केव्हा पाचातल्या एका मुलाला लागू शकते, असाही त्या समितीचा अंदाज होता. पाचातलं एक! म्हणजे हा कुठल्या तरी दूरच्या, दुर्मीळ मुलांचा विषय नाही.

मी पालकांना पंगतीचं उदाहरण देते. पंगतीत सगळ्यांना भाकरी वाढली. आजोबांना दात नाहीत, म्हणून त्यांची भाकरी दुधात कुस्करून दिली. आजोबांचं जेवण वेगळं नाही, भाकरी तीच. फक्त ती त्यांच्या पोटात जाईल अशी करून दिली. कुणाला मोठी अक्षरं लागतात, कुणाला चाकाची खुर्ची, कुणाला चित्रं, कुणाला शांत कोपरा. ही त्यांची कुस्करलेली भाकरी.

आपल्याकडे २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात अपंगत्वाचे २१ प्रकार धरले आहेत, आधीच्या १९९५ च्या कायद्यात ते ७ होते. परदेशात जाऊन काम करणाऱ्याला साधारणपणे भेटतात ती स्वमग्न (ऑटिझम असलेली) मुलं, बौद्धिक अक्षमता असलेली, डाउन सिंड्रोम असलेली आणि सेरेब्रल पाल्सीमुळे हातापायांवर ताबा नसलेली मुलं. बऱ्याचदा एका मुलात यातल्या दोन-तीन गोष्टी एकत्र असतात आणि वर आकडीचा त्रास असतो.

स्वयंसेवक या पंगतीत कोण?

वाढपी. हे एकदा नीट डोक्यात बसलं की पुढचे निम्मे गैरसमज होत नाहीत. काय शिजवायचं हे आचारी ठरवतो. इथे आचारी म्हणजे विशेष शिक्षक, फिजिओथेरपिस्ट, वाचा उपचारतज्ज्ञ आणि मुलाचे आईवडील. स्वयंसेवक ते ताटापर्यंत पोचवतो. सांडू न देता, प्रत्येकाला काय चालतं आणि काय नाही हे लक्षात ठेवून.

माझा दिवस सकाळी साडेसहाला सुरू व्हायचा. दोन मुलांना उठवायचं, शौचालय, दात, कपडे. नाश्त्याला तासभर. मग वर्गात शिक्षिकेच्या हाताखाली: एकाची पेन्सिल धरायला मदत, एकाला दर अर्ध्या तासानं बाहेर फिरवून आणणं, एकीची खुर्ची नेमक्या कोनात बसवणं. दुपारी पोहणं किंवा जंगलात फेरी. संध्याकाळी अंघोळी. आठवड्याला साधारण ३८-३९ तास भरायचे. शिकवायला म्हणून गेलेल्या माणसाला पहिल्या महिन्यात वाटतं, हे तर आयाचं काम. मलाही वाटलं होतं. डिसेंबर उजाडेपर्यंत कळलं की दात घासताना “आता वरचे, आता खालचे” हे रोज त्याच क्रमानं, त्याच शब्दांत म्हणणं हाच त्या मुलाचा भाषेचा तास होता.

जर्मनीत ही व्यवस्था इतकी पक्की कशी?

याचं उत्तर सैन्यभरतीत आहे. पश्चिम जर्मनीत तरुणांना सक्तीनं सैन्यात जावं लागे. ज्यांच्या मनाला शस्त्र उचलणं पटत नव्हतं, त्यांना १९६१ पासून त्याऐवजी नागरी सेवा करायची मुभा मिळाली. हजारो मुलगे इस्पितळांत, वृद्धाश्रमांत, अपंगांच्या संस्थांत कामाला लागले. अठरा-वीस वर्षांच्या अननुभवी पोराला कामाला कसं लावायचं, काय द्यायचं, काय हाती द्यायचं नाही, याची घडी तिथल्या संस्थांनी पन्नास वर्षं बसवली. २०११ मध्ये सक्तीची भरती थांबली आणि सोबत ही नागरी सेवाही संपली. तिची जागा भरायला १ जुलै २०११ पासून केंद्र सरकारची स्वयंसेवा योजना आली, तिला बीएफडी म्हणतात. १९६४ च्या कायद्यानुसार चालणारं ‘स्वयंसेवी सामाजिक वर्ष’, म्हणजे एफएसजे, आधीपासून होतंच. एफएसजे २७ वर्षांखालच्यांसाठी आहे, बीएफडीला वरची वयोमर्यादा नाही. परदेशी माणसाला दोन्हींत जाता येतं. बहुतेक जण १२ महिने राहतात, त्यात २५ दिवस प्रशिक्षणाचे असावे लागतात. पगार नसतो, खिशखर्च असतो. त्याची कमाल मर्यादा २०२५ साली महिना ६४४ युरो होती, प्रत्यक्षात बहुतेकांना त्याहून कमी मिळतो. सामाजिक विम्याचा हप्ता संस्था भरते.

या देशाच्या या कामामागे आणखी एक इतिहास आहे आणि तो माहीत नसताना तिथे जाऊ नये असं मला मनापासून वाटतं. आजच्या बाडेन-वुर्टेम्बर्गमध्ये ग्राफेनेक नावाचं ठिकाण आहे. तिथे अपंगांसाठीची संस्था होती. नाझी राजवटीनं ती ताब्यात घेतली आणि १९४० या एका वर्षात तिथे १० हजारांहून जास्त अपंग आणि मनोरुग्ण माणसांना विषारी वायूनं मारलं. बसमध्ये बसवून आणत. आज तिथे स्मारक आहे, आणि अपंग माणसं पुन्हा तिथे राहतात, काम करतात. स्वयंसेवकांच्या एका शिबिरात आम्हाला तिथे नेलं होतं. परतीच्या बसमध्ये कुणी बोललं नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी मी नेहमीप्रमाणे दोन मुलांना उठवायला गेले तेव्हा त्यांच्या बुटांच्या नाड्या बांधताना हात थरथरत होते.

त्याच १९४० सालची दुसरी गोष्ट. व्हिएन्नातले बालरोगतज्ज्ञ डॉ. कार्ल क्योनिग ज्यू घराण्यातले. ऑस्ट्रिया नाझींच्या घशात गेल्यावर १९३८ मध्ये ते देश सोडून निघाले आणि स्कॉटलंडमध्ये पोचले. सोबत तरुण सहकारी होते. ॲबर्डीनजवळ त्यांनी विशेष मुलांसोबत एकत्र राहण्याचं काम सुरू केलं. ब्रिटिश सरकारनं या गटातल्या पुरुषांना शत्रुराष्ट्राचे नागरिक म्हणून नजरकैदेत टाकलं, तर बायकांनी १ जून १९४० ला मुलांना घेऊन कॅम्पहिल नावाच्या मोठ्या घरात बिऱ्हाड हलवलं. त्या घरावरून चळवळीला नाव पडलं. आज कॅम्पहिलच्या वस्त्या २० हून अधिक देशांत आहेत आणि संख्येनं १०० च्या वर. तिथे स्वयंसेवक मुलांच्या किंवा मोठ्या अपंग माणसांच्या घरातच राहतात, एका चुलीवरचं जेवतात. ज्यांना देश सोडावा लागला, त्यांनी सुरू केलेल्या या घरांना पुढे देशोदेशीच्या तरुणांचा हात लागत आला. ब्रिटनमध्ये अशा कामासाठी धर्मादाय कामाचा वेगळा व्हिसा आहे: मुदत जास्तीत जास्त १२ महिने, पगार घ्यायचा नाही.

सगळं अडतं ते इथे: उद्या तेच माणूस येणार का?

कल्पना करा, तुम्ही रोज रात्री झोपता आणि सकाळी उठता तेव्हा घरातलं सगळं सामान हललेलं असतं. गॅस बाल्कनीत, दार दुसऱ्या भिंतीला, आईच्या जागी कुणी परकी बाई आणि ती वेगळीच भाषा बोलते. तुम्ही ओरडाल. काहीतरी फेकाल. कदाचित स्वतःलाच चावाल. बऱ्याच स्वमग्न मुलांना छोटा बदलही असा वाटतो. आपला मेंदू “आज बाई नवीन दिसतेय, ठीक आहे” म्हणून पुढे जातो, कारण माणसांचे चेहरे, आवाज, हेतू तो आपोआप लावून घेत असतो. ज्या मुलाला हे आपोआप जमत नाही, त्याला अंदाज बांधता येण्याजोगा दिवस लागतो. तीच वाटी, तोच क्रम, तीच माणसं.

माझ्या गटात नऊ वर्षांचा एक मुलगा होता. बोलत नव्हता. त्याच्या खोलीबाहेर एक पाटी होती, तिला कापडी खिसे शिवलेले: ‘आज’, ‘उद्या’ आणि ‘घरी’. काम करणाऱ्या प्रत्येकाचा फोटो त्या दिवसाच्या खिशात असायचा. ज्याची सुट्टी, त्याचा फोटो ‘घरी’. पहिले दोन महिने तो माझ्या फोटोकडे बघतही नव्हता. मी हात धरला की हिसका देऊन सोडवून घ्यायचा. एकदा इतक्या जोरात चावला की वळ आठवडाभर होता. माझी प्रमुख शांतपणे म्हणाली, “तू राहणार आहेस की नाही, हे त्याला अजून कळलेलं नाही.” जानेवारीत एका रात्री दिवा मालवायच्या आधी तो उठला, पाटीपाशी गेला, ‘उद्या’च्या खिशातला माझा फोटो काढून माझ्यासमोर धरला आणि थांबला. मी “हो” म्हटलं. त्यानं फोटो परत ठेवला आणि जाऊन झोपला. त्यानंतर रोज रात्री हेच.

चार महिने लागले. दोन आठवड्यांत मी तिथून निघाले असते, तर त्याच्या खात्यावर माझी जमा काय असती? एक परका हात, एक हिसका आणि कमी झालेला एक चेहरा.

माणसांच्या सततच्या अदलाबदलीचा लहान मुलांवर काय परिणाम होतो, हे रुमानियात फार काळजीपूर्वक पाहिलं गेलं आहे. बुखारेस्टमध्ये २००० साली सुरू झालेल्या संशोधनात संस्थांत वाढणारी १३६ लहान मुलं होती. त्यातल्या निम्म्यांना चिठ्ठी टाकावी तसं निवडून, मूल सांभाळायला घेणाऱ्या कुटुंबांत ठेवलं आणि सगळ्यांच्या वाढीवर वर्षानुवर्षं लक्ष ठेवलं. कुटुंबात गेलेल्या मुलांची बुद्धीची वाढ आणि माणसांवर विश्वास टाकण्याची क्षमता दोन्ही सरस निघाली. लवकर गेलेल्यांची जास्तच. संस्थेत अन्न-वस्त्र होतं. “हे माझं माणूस” असं म्हणावं असं कुणी नव्हतं, पाळीपाळीनं येणारे हात होते.

मग दोन आठवड्यांच्या सहलीत वाईट काय? काहीच न करण्यापेक्षा बरं ना?

हा प्रश्न चांगल्या मनाची माणसंच विचारतात, म्हणून नीट उत्तर देते.

कंबोडियात २००५ ते २०१० या पाच वर्षांत अनाथाश्रमांची संख्या सुमारे ७५ टक्क्यांनी वाढली. देशातले अनाथ त्या प्रमाणात वाढले नव्हते, पर्यटक मात्र वाढले होते. युनिसेफच्या २०११ च्या अहवालात दिसलं की आश्रमांतल्या दर चार मुलांपैकी जवळपास तिघांची आई किंवा वडील हयात होते. पाहुणे पैसे देतात, पाहुण्यांना मुलं लागतात, मग गावोगावच्या गरीब घरांतून “शहरात शिकवतो” म्हणून मुलं आणली जातात. ‘मुलं ही पर्यटकांनी बघायची स्थळं नाहीत’ अशी मोहीम तिथल्याच संस्थांना चालवावी लागली. २०१८ मध्ये आधुनिक गुलामगिरीविरुद्ध कायदा करताना ऑस्ट्रेलियानं अनाथाश्रमांसाठी होणारी मुलांची अशी ने-आण गुलामगिरीचाच प्रकार मानली. डिसेंबर २०१९ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेच्या ठरावातही अनाथाश्रमांतल्या पर्यटनाचा आणि स्वयंसेवेचा धोका नोंदवला गेला.

अपंग मूल यात आणखी कोंडीत सापडतं. गावात शाळा नाही, उपचार नाहीत, म्हणून आईवडील लवकर हार मानून त्याला आश्रमात ठेवतात. त्याला तक्रार सांगता येत नाही. कपडे बदलताना, अंघोळ घालताना दर पंधरवड्याला नवा परका माणूस त्याच्या अंगाला हात लावतो आणि “कुणीही हात लावला तरी चालतं” हेच त्याच्या मनावर ठसतं. असं मूल अत्याचाराला किती सहज बळी पडेल, हे सांगायला नको.

आता यालाही एक अपवाद आहे आणि तो समजून घेण्यासारखा आहे. अमेरिकेत अपंग मुलांसाठी उन्हाळी शिबिरं असतात. तिथे काम करायला परदेशी तरुणांना जास्तीत जास्त चार महिन्यांचा वेगळा व्हिसा मिळतो. काळ थोडाच, तरी मला त्यात वावगं वाटत नाही. मूल तिथे आठवडाभर मजा करायला येतं, आधी प्रशिक्षण दिलेलं असतं, आणि रविवारी ते आपल्या आईकडे परत जातं. त्याचं माणूस त्याच्यापाशी कायम आहे. शिबिरातला दादा मामासारखा: आला, खेळवलं, गेला. चालतं. आपण गेल्यावर मुलापाशी कोण उरतं, हे विचारायचं. ‘किती दिवस’ हा प्रश्न त्याच्या नंतरचा.

“मनात प्रेम असलं की पुरे नाही का?”

प्रेम हवंच. पण सेरेब्रल पाल्सी असलेल्या मुलाला प्रेमानं, मान मागे टेकवून, पेल्यानं पाणी पाजलंत तर ते श्वासनलिकेत जाऊ शकतं. अशा कित्येक मुलांना गिळताना स्नायूंचा मेळ जमत नाही. पाणी पातळ, वेगानं घरंगळतं, म्हणून ते पूड घालून दाट करून देतात. मूल ताठ बसवायचं, हनुवटी किंचित खाली, घास चमच्याच्या टोकावर मावेल एवढा, तो गिळला हे पाहिल्याशिवाय पुढचा नाही. दर वेळी ठसका लागेलच असं नाही. कधी कधी आवाज न होता पाणी फुफ्फुसात जातं आणि चार दिवसांनी न्यूमोनिया होतो. एक वाटी खिमट भरवायला मला पाऊण तास लागायचा, आणि कुणीतरी सही करून “हिला आता एकटीनं भरवू द्या” असं म्हणेपर्यंत तीन आठवडे गेले.

आकडीचंही तसंच. आपल्याकडे अजून कांदा नाहीतर चप्पल हुंगवतात, तोंडात चमचा घालतात. तोंडात काहीही घालायचं नसतं. डोक्याखाली मऊ काहीतरी सरकवायचं, जोरकस झटके थांबले की कुशीवर वळवायचं आणि आधी घड्याळ बघायचं. पाच मिनिटं उलटली तर रुग्णवाहिका. घाबरलेल्या माणसाला एक मिनिट दहा मिनिटांसारखं वाटतं, म्हणून घड्याळ.

उचलण्याचेही नियम असतात. जड मुलाला एकट्यानं उचलायचं नाही, यंत्र किंवा दोन माणसं. आपल्याला वाटतं त्यात काय, मी सहज उचलेन. तुमची पाठ जाईल हे एक, पण खांदा चुकीचा ओढला गेला तर ज्या मुलाला दुखतंय हे सांगता येत नाही, त्याला ते महिनाभर भोगावं लागतं.

म्हणून सांगते: पहिल्याच दिवशी तुमच्यावर मूल सोपवणारी संस्था तुमच्यावर विश्वास टाकत नसते. ती त्या मुलाबद्दल बेफिकीर असते. जी संस्था पोलिसांचा दाखला मागते, प्रशिक्षण देते, फोटो काढून समाजमाध्यमावर टाकायला बंदी करते आणि तीन आठवडे नुसतं बघायला लावते, तिथे जा.

“ही मुलं बोलतच नाहीत, मग भाषा कशाला?”

नेमकं उलटं आहे. गप्पा मारणाऱ्या मुलाला तुमचं मोडकं जर्मन चालेल, तो हसेल आणि सुधारेल. ज्याला शब्द कमी कळतात त्याला तुमचा प्रत्येक शब्द स्वच्छ, नेहमीचा आणि वेळेवर हवा. शिवाय रोज सकाळच्या बैठकीत रात्रपाळीची माणसं भराभर सांगतात: अमुकला रात्री आकडी आली, तमुकच्या औषधाचा डोस बदलला. ते चुकलं तर चूक मुलाच्या अंगावर येते. जर्मन बी-१ पातळीपर्यंत (सहा पातळ्यांतली तिसरी) शिकूनच जा, ए-२ वर कागद होत असले तरी. मी बी-१ करून गेले होते आणि तरी पहिला महिना श्वाबियन बोलीपुढे, पुस्तकी मराठी शिकून थेट मालवणात उतरावं तशी उभी होते.

बोलता न येणाऱ्या मुलांसाठी खुणा आणि चित्रं वापरतात. या खुणाही देशागणिक बदलतात. ब्रिटनमध्ये मकाटन नावाची पद्धत आहे, तिच्या खुणा ब्रिटिश सांकेतिक भाषेतून घेतल्या आहेत. जर्मनीतल्या खुणा जर्मन सांकेतिक भाषेतून. एका जागी शिकलेली खूण दुसरीकडे चालेलच असं नाही.

“आपल्याकडची मुलं सोडून तिकडे कशाला?”

हा आक्षेप माझ्या वडिलांचा होता. तेव्हा मला उत्तर देता आलं नाही.

आपल्याकडे काम नाही असं नाही. मुंबईत जय वकील शाळा १९४४ पासून आहे, पुण्यात कामायनी १९६४ पासून. आणि बाहेर शिकून इथे उभं करणारीही माणसं आहेत. मुलगी मालिनी हिला सेरेब्रल पाल्सी, तिच्यासाठी मिठू अलूर इंग्लंडमध्ये विशेष शिक्षण शिकल्या आणि १९७२ मध्ये मुंबईत त्यांनी स्पॅस्टिक्स सोसायटी ऑफ इंडिया सुरू केली, तीच आजची अडॅप्ट.

म्हणून माझा आग्रह असा: जाण्याआधी निदान तीन महिने आपल्या गावातल्या विशेष शाळेत रोज जा. आठवड्यातून एकदा नव्हे, रोज. लाळ पुसणं, डायपर बदलणं तुम्हाला झेपतं का, ते इथेच कळेल. झेपलं नाही तर त्यात कमीपणा काही नाही, पण ते विमानाचं तिकीट काढण्याआधी कळलेलं बरं. परत आल्यावर त्या अनुभवावर इथे शिक्षक होता येत नाही, हेही माहीत असू द्या. १९९२ च्या कायद्यानुसार त्यासाठी मान्यताप्राप्त अभ्यासक्रम आणि भारतीय पुनर्वास परिषदेची नोंदणी लागते. जर्मनीतच राहायचं असेल तर अपंगांची काळजी आणि शिक्षण यांचा तीन वर्षांचा व्यवसाय-अभ्यासक्रम आहे. बरेच स्वयंसेवक तिकडे वळतात आणि मला त्यात गैर काही दिसत नाही.

तिकडचं सगळं घेण्यासारखं आहे असंही नाही. जर्मनीत अजून पुष्कळ मुलं वेगळ्या विशेष शाळांत शिकतात आणि यावर संयुक्त राष्ट्रांच्या समितीनं २०२३ मध्येही टीका केली आहे. माझ्या शाळेभोवती सुंदर जंगल होतं, पण शेजारपाजारची मुलं नव्हती. इथे माझ्या वर्गातली मुलगी संध्याकाळी वाड्यातल्या पोरांबरोबर लगोरी खेळते, नियम मोडून का होईना.

कागद आणि पैसे, थोडक्यात

खिशखर्च तिकडून मिळतो. तुमच्याकडून लाखभर रुपये मागणारा मध्यस्थ भेटला तर प्रत्येक रक्कम कशाची, ते लिहून मागा आणि संस्थेला थेट पत्र टाकून तुमची जागा खरी आहे का हे विचारा. पारपत्र कार्यालयाकडून पोलिसांचा चारित्र्य दाखला आधीच काढून ठेवा. हा दाखला नको म्हणणाऱ्या संस्थेत जाऊ नका. करारात कामाचे तास, रजा, प्रशिक्षणाचे दिवस आणि तुमच्या मार्गदर्शकाचं नाव असलं पाहिजे.

निघताना

स्वयंसेवक बहुधा ऑगस्टमध्ये बदलतात. म्हणजे चांगल्यात चांगल्या शाळेतल्या मुलालाही दरवर्षी एक माणूस गमवावंच लागतं. हे मी नाकारणार नाही. कायमची माणसं तिथे असतात म्हणून ते पेलतं. माझ्या गटाची प्रमुख त्या वेळी अठरा वर्षं तिथे होती. आणि जाणं शिकवावं लागतं. शेवटच्या महिन्यात आम्ही त्या न बोलणाऱ्या मुलासाठी तीस चौकोनांची पट्टी केली, रोज रात्री एक चौकोन तो फाडायचा. माझ्या जागी येणारा नवा स्वयंसेवक दोन आठवडे आधी आला. आधी तो नुसता बसायचा, मग मी दात घासून द्यायची आणि तो ब्रश धरायचा, मग उलट. “आता वरचे, आता खालचे” हे शब्द मी त्याच्याकडून पाठ करून घेतले. त्या मुलाच्या सवयींची चार पानं लिहून कपाटाच्या दाराला आतून चिकटवली. निळी वाटी, हिरवी नाही. मोजे उलटे, शिवण बाहेर.

शेवटच्या रात्री पट्टी संपली होती. तो पाटीपाशी गेला. ‘उद्या’च्या खिशात नव्या स्वयंसेवकाचा फोटो होता. माझा फोटो हातात घेऊन बराच वेळ उभा राहिला, माझ्यासमोर धरला नाही. मग तो त्यानं स्वतःच ‘घरी’च्या खिशात ठेवला.